नाटक थांबलं, नाट्यगृह भरलेलं राहिलं

मित्रहो, चेक रंगभूमीची चर्चा बहुधा नाटककार वाक्लाव हावेलच्या नाटकांपासून सुरू होते. मी प्रेक्षकांपासून सुरू करतो.

प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह लोकवर्गणीतून उभं राहिलं. १८८१च्या जूनमध्ये ते उघडलं आणि ऑगस्टमध्ये आगीत सापडलं. लोकांनी पुन्हा झोळी फिरवली. दोन महिन्यांच्या आत सुमारे दहा लाख गुल्डन जमले आणि १८८३मध्ये पडदा पुन्हा वर गेला. स्वतःचं राज्य नसलेल्या या माणसांना ती वास्तू हक्काची वाटत होती. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांचं मूळ इथे आहे.

१९६८मध्ये साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे आले आणि हावेलच्या नाटकांवर बंदी आली. १ नोव्हेंबर १९७५ला प्रागच्या वेशीवर, होर्नी पोचेर्निट्से इथल्या एका खाणावळीच्या सभागृहात, हौशी मंडळींनी हावेलचं ‘भिकाऱ्यांचा ऑपेरा’ केलं. एकच प्रयोग, आणि मागोमाग पोलिसांच्या चौकश्या. व्लास्ता ख्रामोस्तोवा ही नावाजलेली अभिनेत्री. तिला रंगमंच बंद झाला, तेव्हा तिनं आपल्या घरातच प्रयोग सुरू केले. १९७८मध्ये लेखक पावेल कोहोउतनं तिथे मूठभर नटांसाठी ‘मॅकबेथ’ बसवलं. मॅकबेथ होता नट पावेल लांदोव्स्की, लेडी मॅकबेथ ख्रामोस्तोवा स्वतः. खून करून गादी बळकावणाऱ्याची गोष्ट, आणि ती सांगणारी माणसं सत्तेला नकोशी झालेली! तिथे टाळी वाजवणाराही जोखीम घेत होता. अशा प्रेक्षकाला मी नटाइतकाच मान देतो.

आता १९८९. १७ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांच्या मोर्चावर प्रागच्या नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसऱ्याच दिवशी नाट्यशाखेचे विद्यार्थी आणि रंगकर्मी एका नाट्यगृहात जमले आणि संप ठरला. पण या संपात दारं बंद झाली नाहीत, हे ध्यानात घ्या. संध्याकाळी प्रेक्षक यायचे, नट रंगमंचावर यायचे, निवेदन वाचायचे आणि मग दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू व्हायचं. १९ तारखेला रात्री साम्यवादी राजवटीला विरोध करणारा ‘नागरी मंच’ स्थापन झाला तोही ‘चिनोहेर्नी क्लुब’ या नाट्यगृहात. पुढे मंचाचं ठाणं ‘लातेर्ना मागिका’ या दुसऱ्या नाट्यगृहात हललं. तिथे ‘मिनोटॉर’ या प्रयोगाचं नेपथ्य उभंच होतं, त्याच्यासमोर पत्रकार परिषदा व्हायच्या. डिसेंबर संपण्यापूर्वी हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

नंतर संसद आणि वर्तमानपत्रं मोकळी झाली, तसा रंगभूमीच्या खांद्यावरचा भार हलका झाला. याला काही जण उतरती कळा म्हणतात. मला ते पटत नाही. मे २०१८मध्ये ब्रनो शहरात येशूचं चित्रण असलेल्या एका पाहुण्या नाटकात आंदोलक थेट रंगमंचावर चढले आणि प्रयोग अडवून धरला. प्रागच्या आर्चबिशपांनी नाट्यगृहावर दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथेही फेटाळला गेला. नाटकात काय दाखवावं यावर त्या देशात आजही माणसं कोर्टाची पायरी चढतात.