कोयता नको, ड्रिलही नको

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घळीतला दोर: झाडाला बांधावा की बोल्टला?’ बोल्ट म्हणजे कातळात ड्रिलनं भोक पाडून ठोकलेला धातूचा खिळा, दोर अडकवायच्या पट्टीसकट. इतका कोरडा विषय असूनही फोंड्यात संध्याकाळी एवढी माणसं येतात, म्हणजे एकतर आयोजकांनी भजी सांगितली असणार किंवा तुमच्या घरी पाहुणे आले असणार.

घळ कुठली, ते विचारू नका. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आहे, म्हादई अभयारण्यात, सुर्ल्याच्या पठारावरून खाली झेपावणाऱ्या पाण्यांपैकी एकानं कोरलेली. एवढं पुरे. नाव फुटलं की पुढच्या रविवारी तिथं स्पीकर वाजतो. आम्ही लेखी परवाना घेऊन गेलो होतो, हे आधीच सांगतो. कारण खाकीतले दोघेजण मागं बसलेले दिसताहेत. या, पुढं या, खुर्च्या आहेत.

तर मी आणि माझा मित्र. बँकेत असतो, बोलतो कमी. पठारावरच्या शेवटच्या घरातल्या आजोबांनी घळीच्या तोंडापर्यंत वाट दाखवली आणि विचारलं, “थंय कितें मेळटा तुमकां?” मी सह्याद्री, भूगर्भ, बेसाल्टचे थर असं काहीतरी सुरू करणार, तेवढ्यात मित्र म्हणाला, “भूक.” आजोबांना ते पटलं. त्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या.

लोकांना वाटतं, घळ उतरणं म्हणजे दोराला लोंबकळणं. फोटोही तोच काढतात. दोरावर फार थोडा वेळ जातो हो! दिवस खाते ती झाडी. आमच्याकडे कोयता नव्हता. अभयारण्यात फांदी तोडणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी मी कोयता नेला नसता. कोयत्यानं वाट होते, आणि वाट झाली की ती वापरायला माणसं येतात. मग जायचं कसं? वाकून, सरपटत, कधी पाठपिशवी पुढं ढकलत, तर कधी पाठ करून उलटं. मित्र हातभर अंतरावरून ओ द्यायचा, पण दिसायचा नाही.

कारवीचं तर वेगळंच. सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते, पण मेली तरी उभीच राहते. जिवंत कारवीच्या मुठी धरून माणूस उतार चढून जातो. मेलेली धरली की काटकी हातात आणि आपण खाली. पुढं वेत. वेताचे काटे उलटे, आकड्यासारखे. जोर लावून पुढं गेलात की जास्त रुततात, एक पाऊल मागं आलात की सुटतात. मित्राच्या शर्टाची बाही तिथं राहिली, कारण तो बँकेत कर्जवसुलीला आहे, मागं येणं त्याला माहीत नाही. आणि खाजकुयली! तिच्याविषयी महिला बसलेल्या असताना बोलत नाही.

पाऊस सरला की जळवा जातात म्हणून आपण खूश होतो. पण त्याच कोरड्या दिवसांत गोचिडी असतात. माकडताप त्यांच्यामुळेच होतो. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५मध्ये आपल्या सत्तरीत, पाली गावात येऊन ठेपला. जंगलात माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. पायजमा मोज्यात खोचा. विनोदी दिसतं, दिसू द्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं. दुसरा कडा उतरून खाली आलो तर समोर कातळात चकचकीत बोल्ट, शेजारी कुणाची तरी रंगीत चिंधी आणि वेफर्सची पाकिटं. माझं डोकं फिरलं. आता मूळ मुद्दा, धावतच सांगतो.

एक, विश्वास. झाडाला दोर बांधण्याआधी आपण ते हलवून बघतो, मुळं कुठं शिरलीत ते पाहतो, दोघं मिळून वजन देतो. बोल्टवर मात्र माणूस डोळे मिटून लटकतो, कारण तो चमकतो. आत कातळ मुरुमासारखा झालेला असेल तर चमक काय कामाची? पावसाळ्यात त्याच धारेतून दगडगोटे वाहतात, ते त्या बोल्टवर आपटतात. थायलंडला क्राबीच्या समुद्रकाठच्या कड्यांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा गंजून तुटले, तिथं टायटॅनियम वापरायची वेळ आली. आपली घळ समुद्रकाठी नाही, पण चार महिने भिजत असते.

दोन, दोर. ६० मीटरचा दोर दुहेरी टाकला की ३० मीटर उतरता येतं, आणि खालून ओढून घेतला की परतीची वाट बंद. म्हणजे खालचं माहीत नसताना ओढायचाच नाही. ओढताना झाडाची साल सोलवटते, हा माझ्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. सालीवर जाड कापड बांधा, पण ते वर राहतं, म्हणून तोही पूर्ण तोडगा नव्हे. वड, पायर यांची मुळं कातळाला कवटाळून असतात. ती मिळाली तर उत्तम.

तीन, झाडच नसेल तर? मित्र म्हणतो, एक बोल्ट मार आणि मोकळा हो. वाळकं रोपटं धरून मरण्यापेक्षा बरं. मी म्हणतो, तिथून उतरूच नकोस. कडेच्या झाडीतून वळसा घाल. तासन्‌तास जातील, वेत ओरबाडेल, चालेल. आणि जिथं आग्या मोहोळ लोंबतंय तिथंही हाच नियम. पोळ्याखालून बोल्ट मारणारा महाभाग पाहायचाय मला!

आमचं यावर अजून पटलेलं नाही. मात्र त्या घळीतल्या बोल्टांच्या पट्ट्या काढून घ्याव्यात आणि भोकं त्याच कातळाच्या भुकटीनं बुजवावीत, यावर दोघांचं एकमत आहे. पुढच्या परवान्याच्या अर्जात तेवढंच काम लिहिलंय. दोघांच्याही सह्या आहेत.