बर्फाची उंची, लेझरची मोजणी
(नाशिकमधील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गंगापूर धरणाची पातळी वाचायला भिंतीवरची मोजपट्टी पुरते. अंटार्क्टिकात पट्टी रोवली तर बर्फासोबत तीही सरकेल. म्हणून मोजमाप बर्फाबाहेरून, उपग्रहाच्या कक्षेपासून करावं लागतं.

‘आइससॅट-२’ हा उपग्रह सप्टेंबर २०१८ मध्ये सुटला. सुमारे ५०० किलोमीटरवरून तो सेकंदाला १०,००० वेळा हिरवा लेझर खाली सोडतो आणि तो परतायला लागलेल्या वेळेवरून उंची काढतो. प्रकाशाला जाऊन यायला ३.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पहिली चमक परतेपर्यंत पुढच्या तीसेक वाटेतच असतात. प्रत्येक चमकेत अंदाजे २० लाख कोटी फोटॉन (प्रकाशाचे कण) निघतात आणि दुर्बिणीत परत येतात जेमतेम डझनभर! त्यातही दिवसा उन्हाचे फोटॉन मिसळतात. ते गाळायचे कसे? उंचीनुसार ठिपके मांडले की बर्फावरून आलेले एका पातळ पट्ट्यात दाटतात, उन्हाचे वर-खाली विखुरतात. एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे १५ सेंटीमीटर, त्यामुळे एकट्या फोटॉनवर कुणी विसंबत नाही. साधारण ४० मीटरच्या तुकड्यातले शेकडो फोटॉन एकत्र घेऊन उंची काढतात.

माझ्या मते वेळ मोजणं हा यातला सोपा भाग. खरी डोकेदुखी उताराची. २००३ ते २००९ या काळात काम केलेल्या पहिल्या आइससॅटला एकच झोत होता. पुढच्या फेरीत तो १०० मीटर बाजूला पडला आणि उतार एक अंशाचा असला, तर उंचीत पावणेदोन मीटरचा फरक दिसणार. हे बर्फ वितळलं की झोत हुकला? एका झोतावरून उलगडत नाही. म्हणून आता सहा झोत, तीन जोड्यांत. जोडीतले दोन झोत एकमेकांपासून ९० मीटरवर पडतात, त्यामुळे आडवा उतार त्याच फेरीत कळतो. ध्रुवांजवळ ९१ दिवसांनी पुन्हा त्याच रेषेवरून मोजणी होते.

हवेमुळेही प्रकाश रेंगाळतो. समुद्रसपाटीला अंतर सव्वादोन मीटरहून जास्तच लांब भासतं. हवेचा दाब घेऊन ते वजा करतात. दाट ढग असला तर बर्फावरून काहीच परतत नाही, निदान फसवणूक तरी होत नाही. (श्रावणात आपल्या धरणावर हा लेझर बहुधा कुचकामीच.) फसवतो तो विरळ ढग. त्यात फोटॉन वाकडी वाट धरून उशिरा येतात आणि पृष्ठभाग आहे त्याहून खाली दिसतो.

इतकं करून हाती येते ती उंची, वजन नव्हे. ध्रुवीय बर्फावरच्या वरच्या थरातला हिम घनमीटरला तीन-साडेतीनशे किलो भरतो, घट्ट बर्फ ९१७ किलो. हिम नुसता दबला तरी उंची घटते, वजन तेवढंच राहतं. हा हिशेब प्रारूपांवरून लावल्यावर २००३ ते २०१९ मध्ये ग्रीनलंडने वर्षाला सरासरी २०० अब्ज टन आणि अंटार्क्टिकाने ११८ अब्ज टन बर्फ गमावल्याचं निघालं.

तरंगत्या बर्फाचं गणित आणखी नाजूक. त्याचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. जाडी एक मीटरने घटली तरी वरून दिसतात जेमतेम दहा सेंटीमीटर, आणि तेही भरती-ओहोटी वजा केल्यावरच.