डॉक्टरांना पैसे कशाचे द्यायचे?

नमस्कार श्रोतेहो.

फॅमिली डॉक्टरला पैसे द्यायच्या रीती मुख्यतः तीन. दर तपासणीची फी, महिन्याचा पगार, नाहीतर नाव नोंदवलेल्या माणशी वर्षाची ठरावीक रक्कम. फी असली की पेशंटच्या खेपा वाढतात. माणशी रक्कम असली की पेशंट आला काय, न आला काय, पैसे तेच. (आणि सुई टोचली नाही तर फी वाया गेली असं आपल्यालाच वाटतं, त्याचं खापर मात्र डॉक्टरांवर. असो.)

ब्रिटनमध्ये माणशी रक्कम जुनीच. तिला २००४ च्या एप्रिलपासून कामाच्या गुणांची जोड दिली. एकूण गुण १०५०, प्रत्येक गुणाचे पैसे. रक्तदाबाच्या ७० टक्के पेशंटांचा आकडा १५०/९० किंवा त्याखाली आणला, तर त्याचे पुरे ५६ गुण. सत्तरच्या पुढे कितीही आणा, जास्त काही नाही.

याच १०५० मध्ये ५० गुण होते भेट लवकर देण्याचे. पेशंटला डॉक्टर ४८ तासांत भेटला पाहिजे. लक्षात ठेवा, ४८ तासांत.

आता २००५ चा एप्रिल. निवडणूक आठवड्यावर आलेली. बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर लोकांसमोर उभे. प्रेक्षकांतून एक बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी मुलाला आठवड्यानं आणायला सांगितलंय, पण दवाखाना आठवड्यानंतरची वेळच देत नाही! ४८ तास आधीच फोन करायचा, आणि सकाळभर तो लागत नाही. ब्लेअर थक्क. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

झालं होतं काय? मोजायचे ते एवढंच, की पुढची मोकळी वेळ केव्हाची. मग दवाखान्यांनी आगाऊ नोंदी बंद करून वेळा राखून ठेवल्या. आज विचारा, उद्याची वेळ मोकळी. ४८ तासांचा आकडा चोख, आणि मधुमेहाच्या तपासणीला महिन्यानं येणारे आजोबा रोज सकाळी फोनला चिकटलेले. पैसा मोकळ्या वेळेचा होता ना, आजोबांचा नव्हता.

पुढे २००६-०७ मध्ये पेशंटांनाच विचारायला लागले. एक, ४८ तासांत डॉक्टर भेटला का? आणि दोन, दोन दिवसांपलीकडची वेळ आधी मिळते का? दोन्हींचे पैसे वेगळे. स्कॉटलंडनं २०१६ मध्ये ती गुणांची पद्धतच बंद केली. इंग्लंडात ती आहे, पण गुण बरेच कमी करून.