डिप्पीच्या शेपटीची चोरी

नमस्कार श्रोतेहो. आज डायनासोर. म्हणजे म्युझियममध्ये उभे असलेले ते सांगाडे, ज्यांच्याकडे पाठ करून सगळे सेल्फी काढतात (अरे एवढे लांब आलात तर तोंड तरी त्याच्याकडे करा!). तर त्यात खरं हाड किती आणि प्लास्टर किती, हा आजचा विषय, पण त्याआधी मला डिप्पीची गोष्ट सांगायचीच आहे.

डिप्पी म्हणजे डिप्लोडोकस, लांबच लांब मानेचा, त्याहून लांब शेपटीचा, झाडपाला खाणारा. 1899 मध्ये अमेरिकेत वायोमिंगात सापडला, पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगींच्या पैशावर गेलेल्या टीमला, आणि खरी हाडं गेली पिट्सबर्गला. पुढे काय झालं, कार्नेगींच्या स्कॉटलंडमधल्या स्कीबो किल्ल्यावर इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड पाहुणे आले, भिंतीवर या डिप्लोडोकसचं चित्र दिसलं, आणि असा एक आपल्याकडेही असावा असं राजेसाहेबांच्या मनात आलं. आता खरा तर देता येईना, एकच होता, मग कार्नेगींनी एकेका हाडाचा साचा काढून अख्खी प्लास्टरची नक्कल करून घेतली, एकूण 292 हाडं, आणि 36 पेट्यांत भरून लंडनला पाठवली. 12 मे 1905 ला तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तिचं उद्घाटन झालं. मग बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, सगळ्यांना नकला गेल्या. पुन्हा सांगतो, नकला. लंडनचा डिप्पी प्लास्टरचा.

आणि खरी गंमत शेपटीची. तेव्हा समज असा की हे प्राणी शेपूट जमिनीवर ओढत चालायचे, म्हणून डिप्पीचीही शेपूट खाली टेकवलेली, अगदी हाताला येईल अशी, आणि टोकाचे मणके एवढेसे, मग काय, लोक खिशात घालून न्यायला लागले! म्युझियमवाल्यांनी डोकं लावलं, जादा मणक्यांचा एक डबाच भरून ठेवला, गेला की बसव दुसरा. त्या चोरांपैकी किती जणांना वाटलं असेल की आपण करोडो वर्षांपूर्वीचं हाड ढापलंय, आणि हातात काय, तर प्लास्टर. मला हे आठवलं की अजून हसू येतं.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने त्याला सुटा करून तळघरात ठेवलं होतं. 1993 मध्ये शेपूट वर उचलली, कारण यांच्या पावलांचे ठसे मिळतात पण शेपूट घासल्याच्या खुणा फारशा मिळतच नाहीत, शेपूट हवेत धरून ते मानेचा तोल सांभाळायचे. न्यूयॉर्कच्या टी-रेक्सचंही तेच, कितीतरी वर्षं कांगारूसारखा ताठ बसवलेला, 1990च्या दशकात आडवा केला. 2017 मध्ये डिप्पीला मुख्य हॉलमधून हलवून तिथे निळ्या देवमाशाचा खरा सांगाडा टांगला, ते मला मुळीच पटलेलं नाही, पण असो.

आता खरं किती? बर्लिनचा जिराफाटायटन, हाही डिप्पीसारखाच लांब मानेचा डायनासोर, 13.27 मीटर उंच, पायांची वगैरे हाडं खरी, पण मानेचे मणके नकली, कारण खरे फार जड आणि नाजूक. ती हाडं 1909 ते 1913 मध्ये आजच्या टांझानियात निघाली, मजुरांनी डोक्याखांद्यावरून पायी लिंडी बंदरापर्यंत वाहून नेली, आणि नाव झालं शास्त्रज्ञांचं, हे मला खटकतंच.

शिकागोची सू, टी-रेक्स, 1990 मध्ये सापडलेली, 1997 च्या लिलावात 83 लाख डॉलरच्या वर गेली. तिचा सांगाडा जवळपास सगळा खरा, पण धडावरचं डोकं नकली. खरी कवटी सुमारे 272 किलोची, तोलायला अवघड, शिवाय अभ्यासाला हाताशी हवी, म्हणून ती वेगळ्या काचेत. गेलात तर आधी त्या काचेपाशी जा. खालच्या जबड्यात गोल गोल भोकं दिसतील, आधी वाटलं दुसऱ्या टी-रेक्सने चावा घेतला, मग कोणी म्हणालं इन्फेक्शन झालं असणार, आणि त्यावर अजूनही शास्त्रज्ञ भांडतायत.