तीन तासांची सुरी (निवेदन)

(सुरुवात अंधारात. फक्त भट्टीचं तोंड. पहिले दहा सेकंद काही बोलायचं नाही.)

हे आत जे नारिंगी दिसतंय ना, ती अजून सुरी नाहीये. आकार सुरीचा आहे, टोक आहे, मुठीत जायचं शेपूट पण आहे, पण आत्ता हे बाहेर काढून नुसतं निवू दिलं आणि धार लावली, तर दोनचार घाव घातले की धार दुमडणार. बघा आता. सांडशीत धरलं, दोन पावलं, आणि टोक खाली करून सरळ तेलात.

(आग वर येते. आवाज तसाच ठेवा.)

झालं. सहा सेकंदांचा शॉट आहे हा. आमच्या एडिटिंगमध्ये तीनदा वापरलाय, खोटं कशाला बोलू.

आणि याच सहा सेकंदांवर एक अख्खा टीव्ही शो उभा राहिलाय. फोर्ज्ड इन फायर. अमेरिकेत हिस्ट्री चॅनलवर २२ जून २०१५ ला पहिला एपिसोड आला. चार स्मिथ, म्हणजे लोहार, तीन राउंड, शेवटी उरतो त्याला १०,००० डॉलर. पहिल्या राउंडला घड्याळ लावतात तीन तासांचं, आणि समोर जे ठेवलं असेल त्यातून पातं काढायचं. कधी नीट पोलादाची पट्टी मिळते, कधी गाडीच्या स्प्रिंगचे पाटे, कधी बेअरिंगमधल्या गोळ्या, कधी चेनसॉची साखळी. दुसऱ्या राउंडमध्ये मूठ बसवायची, मग परीक्षक तीच सुरी घेऊन शिंगावर, बर्फाच्या लादीवर, हाडांवर दणादण घाव घालणार. ज्याचं पातं तुटलं तो घरी. उरलेले दोघं आपापल्या भट्टीवर जाऊन चारपाच दिवसांत कुठलंतरी ऐतिहासिक शस्त्र बनवून आणतात. पहिल्याच सीझनमध्ये जपानी कटाना होती, वायकिंग कुऱ्हाड होती, चक्र आणि कट्यार पण होती.

परीक्षकही नुसते टीव्हीचे चेहरे नाहीयेत. जे. नील्सन स्वतः मास्टर स्मिथ, म्हणजे सुरी बनवणाऱ्यांमधली सगळ्यात वरची पायरी, डेव्हिड बेकर शस्त्रांच्या इतिहासातला माणूस, डग मार्केडा फिलिपिनो युद्धकलेतले, आणि बेन ॲबट तर आधी स्पर्धक म्हणून जिंकले आणि नंतर परीक्षकांच्या टेबलामागे जाऊन बसले. त्यामुळे वेल्ड, म्हणजे पोलादाचा जोड, सुटलंय की नाही हे लांबून बघून सांगतात ते थापा नसतात.

मला हा शो आवडतो, रात्री एक बघायला बसलो की चार होतात. फक्त एक आहे, कॅमेऱ्याला हातोडा फार आवडतो. ठिणग्या, घाम, घण, मागे घड्याळ. बघणाऱ्याला वाटतं ही सगळी ताकदीची कामं. आम्ही पण तसंच समजून शूटला गेलो होतो, आणि पहिल्या दिवशी कारागिराने दोन तास हातोड्याला हातच लावला नाही, नुसता भट्टीत बघत उभा.

(दृश्य: भट्टीतली पट्टी, रंग बदलताना. फास्ट करू नका.)

तो रंग बघत होता. लोखंड तापताना आधी मंद लाल होतं, ७०० डिग्री सेल्सियसच्या आसपास, मग चेरीसारखं, मग नारिंगी, मग १,१०० च्या पुढे पिवळं. ठोकायला नारिंगी-पिवळं हवं, मऊ असतं. पण जास्त वेळ पिवळं ठेवलं की आतला कण मोठा होत जातो, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. तुटल्यावरच कळतं. म्हणून त्याने आमच्यासाठी एक पट्टी मुद्दाम बिघडवली. नको तितकी तापवली, तेलात घातली, व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली. काडकन तुटली. हा क्लोजअप बघा, तुटलेल्या तोंडावर साखर सांडल्यासारखे चमकते दाणे. आणि ही शेजारची, नीट तापवलेली. राखाडी, मखमलीसारखी, दाणा डोळ्याला दिसतच नाही. पट्टी तीच, तेल तेच, फरक फक्त तापवण्याचा.

आता ठोकणं. (ऐरणीचा आवाज वर आणा.)

ही पट्टी १०८४ ची आहे. नंबर बघून घाबरू नका, शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, ०.८४ टक्के. सुरी शिकणाऱ्याला बहुतेक सगळे हेच पोलाद देतात कारण ते चुका बऱ्यापैकी पोटात घालतं. आधी टोक काढायचं, आणि गंमत म्हणजे टोक चुकीच्या बाजूला काढतात. हे बघा, पट्टी केळ्यासारखी खाली वाकवली. का, तर नंतर धारेच्या बाजूला हातोडा मारून ती पातळ करायची असते, पातळ झाली की लांब होते, आणि लांब झाली की पातं आपोआप पाठीकडे वर वळतं. आधी वाकवलं नाही तर शेवटी सुरीचा कोयता होतो, पण उलटा. इथे आम्ही पूर्ण दोन मिनिटं ठेवलीत, केळ्यापासून सरळ होईपर्यंत. प्रत्येक घावाला थोडी काळी पपडी उडते ना, ती झाडत राहावी लागते, नाहीतर हातोड्याखाली दबून पोलादात खड्डे पडतात. त्याच्या ऐरणीशेजारी एक जुना तारेचा ब्रश आहे, तो हातोड्याइतकाच वापरला जातो, पण ब्रशवर कुणी शो काढला नाही.

(दृश्य: थर लावलेला ठोकळा, बोरॅक्स टाकताना.)

आणि हे, ज्याच्यासाठी अर्धे लोक असे व्हिडिओ बघतात. डमास्कस. दोन प्रकारची पोलादं एकावर एक, इथे १०८४ आणि १५एन२०, दुसऱ्यात साधारण दोन टक्के निकेल. पंधरा पट्ट्या, बाजूने वेल्डचे ठिपके देऊन बांधल्या, तापवून वर बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, टाकला, तो काचेसारखा वितळून हवा आत जाऊ देत नाही. मग जवळजवळ १,२५० डिग्री, आणि प्रेसखाली. वितळवायचं नाहीये, नुसतं इतकं तापवून दाबायचं की थर एकमेकांना चिकटून एकजीव होतात. लांब केलं, चार तुकडे, परत एकावर एक, ६० थर. परत तेच, २४०. मधे कुठे पपडीचा कण राहिला तर तिथे चिकटत नाही, आणि ते कधी कळतं, तर अगदी शेवटी घासताना, एक केसाएवढी काळी रेघ दिसते. शोमध्ये त्या रेघेवर माणसं घरी गेलीत.

इथे थोडं मागे जावं लागेल. डमास्कस हे नाव ज्या जुन्या तलवारींवरून आलं त्यातल्या बऱ्याच थर लावून बनवलेल्या नव्हत्याच. त्यांचं पोलाद मुशीत बनायचं, दक्षिण भारतातलं वूट्झ त्यात सगळ्यात नावाजलेलं, आणि त्यावरची नक्षी ही पोलाद निवताना आणि ठोकताना आत जमणाऱ्या कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कडक कणांच्या, रांगांची असते. ती पद्धत पुढे बंद पडली. व्हरहोव्हन नावाचे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि पेंड्रे नावाचे एक नालबंद-लोहार, अशा दोघांनी मिळून ती अलीकडे परत जमवून बघितली, आणि त्यांच्या मते खनिजातला अगदी किंचित व्हॅनेडियम नावाचा धातू हे त्या नक्षीमागचं कारण. प्राध्यापक आणि नालबंद, ही जोडी मला फार आवडते. आज बाजारात डमास्कस म्हणून जे दिसतं ते थरांचं, वेगळं प्रकरण आहे. ते अमेरिकेत परत चर्चेत आणलं बिल मोरन यांनी. १९७३ मध्ये नाईफमेकर्स गिल्डच्या प्रदर्शनात त्यांनी असे चाकू मांडले, आणि १९७६ मध्ये काही जणांना घेऊन अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. तेव्हा भट्टीवर ठोकून सुरी बनवणारे तिथे बोटांवर मोजण्याइतके उरले होते, बाकीचे पट्टी कापून घासून बनवायचे. म्हणजे हा टीव्ही शो यायच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी कुणीतरी ही आग धरून ठेवली होती.

(दृश्य: फेरिक क्लोराइडमध्ये पातं. वर येताना क्लोजअप.)

वर येताना बघा. ॲसिडसारखं असतं ते फेरिक क्लोराइडचं पाणी, साध्या पोलादाला काळं करतं, निकेलवाल्याला फारसं काही करू शकत नाही, ते पांढरं राहतं. इथे मी गप्प बसतो.

आता परत त्या सहा सेकंदांकडे. मराठीत याला पाणी देणं म्हणतात, पण या पातळ पात्याला खरंच पाणी दिलं तर चिरा जायची शक्यता जास्त, म्हणून तेल. ते तेल पण आधी गरम करून घेतलंय, ५०-६० डिग्री. आम्हाला वाटलं गार तेल बरं पडेल, तर उलटं आहे, गार तेल घट्ट असतं, गरम पातळ होऊन वाहतं आणि उष्णता लवकर ओढतं. पातं किती तापलंय ते आमचा कारागीर चुंबकाने बघतो. ७७० डिग्रीच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, हा शॉट खूप जणांना खरा वाटत नाही, पण खरा आहे. तिथून आणखी थोडं वर, ८१५ च्या जवळ, आणि मग सरळ तेलात. पहिल्या सेकंदभरात निम्मं काम होतं, तेवढ्यात पुरेसं निवलं नाही तर पोलाद मऊच राहतं. आत घातल्यावर तो पातं पुढेमागे हलवतो, आडवं अजिबात नाही, आडवं हलवलं की एक बाजू आधी निवते आणि पातं वाकडं होतं. बाहेर काढल्यावर अजून २०० डिग्रीच्या वर असेल तर हातमोज्यात धरून सरळ करता येतं, काही सेकंदच मिळतात. आणि त्या सेकंदांत सगळे कान देऊन असतात, कारण बारीक टिंग असा आवाज आला की चीर गेली.

टिंग आला नाही. मग कानस फिरवली. काचेवर घसरावी तशी कानस घसरते, म्हणजे पातं कडक झालं. टीव्हीवर इथे टाळ्या.

पण या घडीला हे पातं फरशीवर पडलं तर फुटू शकतं. आणि इथून पुढचं काम कुणाला दाखवायचं नसतं, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नाही. ओव्हन. २०० डिग्री, दोन तास. मग निवू द्यायचं, मग परत दोन तास, कारण पहिल्या निवण्यात आत जे नवीन कडक झालेलं असतं त्यालाही शांत करावं लागतं. आमच्याकडे ओव्हनच्या बंद दाराचा चार सेकंदांचा शॉट आहे. चार तासांचे चार सेकंद. निदान तो तरी काढू नका असं मी एडिटरला सांगितलंय.

(दृश्य: ओव्हनचं दार. चार सेकंद पूर्ण.)

शो आल्यापासून घरामागे भट्टी लावणारे खूप वाढले, आणि भाजणारे, ग्राइंडरची धूळ मास्कशिवाय छातीत घेणारे पण. मास्क घाला.

घासण्याचे शॉट छान आलेत. बेल्ट ग्राइंडरवर तो हातमोजे घालत नाही, उघड्या बोटांनी पातं धरतो, बोटाला चटका बसला की लगेच पाण्यात. धार निळी झाली की तिथली कडकाई गेली, परत सगळं पहिल्यापासून.

आता मोरन यांच्या त्या ब्लेडस्मिथ सोसायटीची पहिली परीक्षा, जर्नीमन स्मिथची, म्हणजे मास्टर स्मिथच्या आधीच्या पायरीची. शोमध्ये पातं मोडतं का ते बघतात, इथे शेवटी मोडायलाच घेतात, पण क्रम बघा. आधी एक इंच जाडीची मोकळी लोंबती दोरी, एका घावात. मग दोन बाय चारचं लाकूड, दोनदा आरपार. मग त्याच धारेने, परत धार न लावता, हातावरचे केस काढून दाखवायचे. आणि मग व्हाइसमध्ये धरून ९० अंशांपर्यंत वाकवायचं, तुटायचं नाही.

एकच पातं इतकं कडक आणि इतकं लवचिक कसं? त्यासाठी हे. धार पाण्यात बुडवून ठेवलीय, आणि वरून पाठीवर टॉर्च. रंग पळताना बघा, आधी पेंढ्यासारखा पिवळट, मग तपकिरी, जांभळा, निळा. निळं म्हणजे ३०० च्या आसपास, तिथे पाठ मऊ झाली. धार पाण्याखाली आहे तशीच कडक. तो हे तीनदा करतो, आणि तीनही वेळा टॉर्चकडे न बघता पाण्याच्या रेघेकडे बघतो.

(दोरी. लाकूड. केस. सलग, निवेदन नाही.)

व्हाइस. मुठीवर लांब पाइप चढवलाय. तो अंगाचा भार हळूहळू टाकतो, तीस, पंचेचाळीस. साठच्या पुढे आम्ही कॅमेरा दोन पावलं मागे घेतला, हलल्यासारखा दिसतोय तो तेवढ्यामुळे. नव्वद.

पाइप सोडला की पातं थोडं मागे येतं, आणि मग तसंच वाकडं राहतं.