बाशेलिए यांच्या प्रबंधावरचा अहवाल

पडद्यावर दिसणारे हे मुखपृष्ठ १९०० साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका प्रबंधाचे आहे. विषय आहे सट्ट्याचा सिद्धांत, आणि पदवी मागितली आहे ती गणितातली. २९ मार्च १९०० रोजी या प्रबंधाची तोंडी परीक्षा घेणारे तिघे होते पॉल आपेल, जोझेफ बुसिनेस्क आणि आंरी पोआंकारे. यांपैकी पोआंकारे यांचा शब्द त्या काळच्या गणितात अखेरचा मानला जाई, आणि या प्रबंधावरचा अहवाल त्यांनीच लिहिला.

विद्यार्थ्याचे नाव लुई बाशेलिए. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल हाव्र या बंदरात, आता आपण पाहतो आहोत त्या गोद्यांच्या गावात, ११ मार्च १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दारूचे व्यापारी होते. १८८९ साली आईवडील दोघेही गेले, त्यामुळे शिक्षण बाजूला ठेवून त्यांना घरचा व्यवसाय पाहावा लागला. त्यानंतर लष्करी सेवा आली, आणि सोर्बॉनच्या, म्हणजे पॅरिस विद्यापीठाच्या, वर्गात ते पोहोचले तेव्हा बरोबरीची मुले बरीच पुढे निघून गेली होती.

कोरिंथियन खांबांची ही भव्य इमारत म्हणजे पॅरिसचा शेअर बाजार. आत गोल कठड्याभोवती उभे राहून दलाल भावांचा पुकारा करीत. तेथे सरकारी रोख्यांचे वायदे होत, आणि ठरलेली रक्कम सोडून व्यवहारातून माघार घेण्याची मुभा देणारे सौदेही होत. आजचे ऑप्शन त्यांच्याच जातीचे. बाशेलिए यांनी या सौद्यांकडे गणिताच्या नजरेने पाहिले. प्रत्येक सौद्यात भाव चढेल असे मानणारा एक आणि उतरेल असे मानणारा दुसरा असतो. तेव्हा एखाद्या क्षणी संपूर्ण बाजाराचा कल ना तेजीचा असतो ना मंदीचा, आणि सट्टेबाजाची गणिती अपेक्षा, म्हणजे सरासरीने हाती येणारा नफा, शून्य ठरते, हे त्यांचे गृहीतक होते. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की भावातील अपेक्षित चढउतार काळाच्या प्रमाणात नव्हे, तर काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. एका महिन्यात तो जेवढा असेल त्याच्या दुप्पट व्हायला दोन नव्हे, चार महिने लागतात.

आता अहवालाकडे येऊ, कारण हा माहितीपट त्याच्यासाठीच केला आहे. आपले विद्यार्थी सहसा जे विषय घेतात त्यांपासून हा विषय काहीसा दूरचा आहे, असे पोआंकारे सुरुवातीलाच नोंदवतात. संभाव्यताशास्त्राच्या आवाक्याबद्दल लेखकाचा भ्रम झाला असावा अशी भीती वाटू शकते, पण सुदैवाने तसे झालेले नाही, असेही ते लिहितात. हे वाक्य वरवरचे मानू नये. जेमतेम सहा-सात महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १८९९ मध्ये, हेरगिरीचा आरोप असलेले फ्रेंच लष्करी अधिकारी द्रेफ्यूस यांच्यावर रेन येथे चाललेल्या खटल्यात पोआंकारे यांचे पत्र वाचून दाखवले गेले होते, आणि हस्ताक्षराच्या पुराव्यासाठी संभाव्यतेची खोटी गणिते मांडणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी त्यात खोडून काढले होते. या शास्त्राचा गैरवापर इतक्या तीव्रतेने खटकणाऱ्या प्राध्यापकाने, हा विद्यार्थी स्वतःच्या सूत्रांना भुललेला नाही, अशी ग्वाही द्यावी, यापेक्षा मोठी पावती आम्हांला तरी सुचत नाही.

पुढची स्तुती नेमकी आहे. गाउसचा नियम, म्हणजे सरासरीभोवती शक्यता घंटेच्या आकारात पसरतात हा नियम, बाशेलिए ज्या रीतीने सिद्ध करतात ती रीत अत्यंत स्वतंत्र आहे, असे पोआंकारे म्हणतात. धातूच्या सळईतून उष्णता जशी पसरते, तशी एका भावाची शक्यता शेजारच्या भावांकडे सरकते, हा विचार त्यांना विशेष भावला. फ्रेंच गणिती फुरिए यांनी उष्णतेसाठी मांडलेली पद्धत इतक्या निराळ्या प्रश्नाला जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते, हे त्यांनी आवर्जून लिहिले. हा भाग लेखकाने आणखी वाढवायला हवा होता, ही खंतही त्यांनी व्यक्त केली. मजकूर ओळीन् ओळ वाचलेला शिक्षकच अशी खंत करू शकतो. शिफारसपत्रांतून ‘हुशार आणि कष्टाळू’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने हा अहवाल एकदा समोर ठेवावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

परीक्षेचा शेरा मात्र ‘सन्माननीय’ एवढाच मिळाला. ‘अतिसन्माननीय’ हा वरचा शेरा मिळाला नाही. प्राध्यापकपदासाठी बाशेलिए यांना १९२७ पर्यंत थांबावे लागले, आणि ते बेझांसाँ येथे मिळाले. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी कणांच्या हालचालीसाठी स्वतंत्रपणे त्याच गणिताकडे वाट काढली, १९५० च्या दशकात पॉल सॅम्युएलसन यांनी हा प्रबंध अर्थशास्त्रज्ञांसमोर आणला, आणि ऑप्शनची किंमत ठरवणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रामागचा विचार याच वाटेवरचा आहे. बाशेलिए १९४६ मध्ये वारले. वित्तीय गणिताच्या अभ्यासकांनी १९९६ साली स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेला त्यांचे नाव आहे.