पीएचडी झाली, मग आता परत काय?

डोंबिवली स्टेशन, सकाळचे साडेसात. सॅक पोटाशी घेऊन उभी आहे ना, ती मुलगी रोज कुर्ल्याला उतरून रिक्षाने कलिन्याला जाते, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, पाच वर्षं झाली. थिसिस लिहून होत आलाय, आणि घरी आईचा एकच प्रश्न, अगं एवढं झालं तरी परत शिकायचंच का?

शिकायचं नाहीये. पुढची पायरी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, पगाराची, पण मुदतीची, वर्ष-दोन वर्षांची. मी माझ्या वेळी सबमिशन झाल्यावर शोधायला लागले आणि तिथेच उशीर झाला, कारण थिसिस परीक्षकांकडे जातो, रिपोर्ट येतात, मग वायवा म्हणजे तोंडी परीक्षा, यात महिने जातात आणि तोवर फेलोशिप संपलेली असते. म्हणून हिला मी पहिल्या भेटीतच सांगितलं, वर्षभर आधी सुरू कर.

शोधायचं कुठे? युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, या वेबसाइटवर जाहिराती येतात. आणि इथे मुंबईत एक गंमत लक्षात ठेवा, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत, पोस्टडॉकला व्हिजिटिंग फेलो म्हणतात, नुसतं पोस्टडॉक टाकून सर्च केलं तर जाहिरात सुटू शकते. आपल्याकडे प्रोजेक्टवरच्या रिसर्च असोसिएटला, म्हणजे पोस्टडॉकसारख्याच पदाला, २०२३ पासून सुरुवातीला महिना ५८,००० आणि वर घरभाडं.

परदेशी फेलोशिपचे नियम आधी वाचा. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपला पीएचडी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत झालेली लागते, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीला ४ वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत आणि तिथल्या प्रोफेसरचा होकार आधी लागतो.

आणि हा होकार येतो मेलवरून, सगळं अडतं ते इथेच. हिने पहिले चाळीस मेल एकच मजकूर कॉपी करून टाकले, रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड, एकाचंही उत्तर नाही. रडली पण बिचारी. मग आम्ही कॅन्टीनमध्ये बसून एकाच प्रोफेसरचे तीन पेपर वाचले, नीट, पेन घेऊन, आणि तिने चार ओळी लिहिल्या, की तुमचा कॅटॅलिस्ट ८० डिग्रीच्या वर निकामी होतो, माझं लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) लावलं तर ११० पर्यंत टिकेल असं मला वाटतं, माझ्याकडच्या धातूवर टिकलंय, डेटा सोबत जोडलाय, वायवा मार्चमध्ये आहे. बस. समोरच्या माणसाला कळलं पाहिजे की हे पत्र त्यालाच लिहिलंय.

रेकोचं, म्हणजे शिफारसपत्राचं पण तसंच, दोन-तीन लागतात, पोर्टलची लिंक थेट गाईडला जाते आणि कधीकधी स्पॅममध्ये पडून राहते, म्हणून महिनाभर आधी सांगा, सीव्ही द्या आणि आठवण करायला लाजू नका.

त्या मेलला सहाव्या दिवशी उत्तर आलं, मंगळवारी झूमवर बोलूया, आधी वीस मिनिटं तुमचं काम सांगा.

रविवारची संध्याकाळ, डोंबिवलीतलं स्वयंपाकघर. लॅपटॉप डब्यांवर ठेवलाय, ही स्लाइड दाखवत मराठीतूनच बोलतेय आणि आई मटार सोलत ऐकतेय. आठव्या स्लाइडला आईचा हात थांबला.

"म्हणजे त्यांचा तापला की बिघडतो आणि तुझा बिघडत नाही, असंच ना?"

"हो गं आई, असंच."

"मग हे पहिल्यांदा सांग की."

तिने ती स्लाइड उचलून दुसऱ्या नंबरवर ठेवली.